डीजेचं मशीन आणि डीजेचा कान

 आम्ही कुही तालुक्यातल्या बचत गटाच्या बाया.

आज आम्ही डीजेबद्दल बोलणार आहोत. तुम्ही म्हणाल, बायांच्या कार्यक्रमात डीजे कुठून आला? तो आला कर्जाच्या अर्जातून. आमच्या एका ताईच्या मुलाला डीजेचा धंदा करायचा आहे आणि त्यासाठी ताईंनी गटाकडे कर्ज मागितलं. बैठकीत लगेच प्रश्न निघाला, "आता सगळं मशीनच करते, मग त्यात कला कोणती? अन् कला नसेल तर धंदा टिकणार कसा?" पैसा सगळ्यांच्या घामाचा. म्हणून आम्ही आधी हे काम समजून घेतलं.

भजनात लय वाढते तेव्हा खंजिरी, टाळ, टाळ्या एकदम वाढतात. एखादी मागे राहिली तर कानाला लगेच कळतं. डीजेचंही मूळ काम हेच. पहिलं गाणं संपताना दुसरं त्याच लयीत मिसळायचं, नाचणाऱ्याचा पाय थांबू द्यायचा नाही.

याची एक जुनी गोष्ट आहे. 1973 साली अमेरिकेत न्यूयॉर्कला सिंडी कॅम्पबेल नावाच्या मुलीने शाळेच्या कपड्यांसाठी पैसे जमवायला नाचगाण्याचा कार्यक्रम ठेवला. गाणी लावली तिच्या भावाने. त्याला लोक डीजे कूल हर्क म्हणतात. गाण्यात नुसता ताल वाजतो तेव्हा लोक जास्त नाचतात, हे त्याने पाहिलं होतं. मग एकाच गाण्याच्या दोन तबकड्या घेऊन तो तेवढाच तुकडा लांबवू लागला. मशीन साधंच होतं, नजर मात्र नाचणाऱ्यांच्या पायांवर होती.

त्या काळी एका कानाला हेडफोन लावून पुढचं गाणं ऐकायचं, दुसऱ्या कानाने चालू गाणं ऐकायचं आणि हाताने तबकडीचा वेग जुळवायचा. हे शिकायला बरेच महिने लागत. आता लॅपटॉप ठोके मोजतो आणि एका बटणात दोन गाणी जुळवतो.

पण मशीन कुठे चुकतं, तेही ऐका. जुन्या गाण्यांत माणसाने हाताने ढोलकी वाजवलेली असते. तिची लय थोडी मागेपुढे होते. तिथे मशीनची मोजणी घसरते आणि कानच कामी येतो. शिवाय हळदीला आजीबाईंना कोणतं गाणं उठवेल, वरातीत पोरं दमली कधी, धुमाल पार्टी वाजत असताना आपण गप्प कधी बसायचं, हे कोणतंच बटण सांगत नाही. मशीनने हाताचं काम हलकं केलं. माणसं ओळखायचं काम आहे तसंच राहिलं.

आणि एक कला म्हणजे आवाज आवरणं. 85 डेसिबल आवाज रोज आठ तास ऐकला तर कानाला धोका असतो. 100 डेसिबलला तर पंधरा मिनिटांतच ती मर्यादा गाठली जाते. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाऊडस्पीकर लावता येत नाही. बॉक्सच्या भिंतीसमोर लेकरू घेऊन उभी राहणारी बाई आपल्यातलीच असते. म्हणून सांगतो, ज्याला लोक नाचवायला फक्त आवाजच वाढवावा लागतो, त्याचं शिक्षण अजून बाकी आहे.

मग आम्ही ठरवलं ते असं. मुलाने आधी एक लग्नसराई जाणत्या डीजेच्या हाताखाली काढावी. गटाने पहिलं कर्ज गाणी जुळवायच्या छोट्या मशीनपुरतंच द्यावं. मोठे बॉक्स त्याने भाड्याने आणावेत. हप्ते वेळेवर आले तर पुढचा विचार करू. ताईंनी हे मान्य केलं.

बैठक उठता उठता एका मुलीने विचारलं, "बॉक्स उचलायला माणसं असतातच, मग हे काम मी का नाही शिकायचं?" उत्तर सोपं होतं. लय आपल्या बायांच्या कानात लहानपणापासून असते, जात्यावरची अन् भजनातली. तिचाही अर्ज आम्ही पुढच्या बैठकीत घेतला आहे.

तुमच्या गटात असा अर्ज आला तर बॉक्स किती, हे नंतर विचारा. कान कसा आहे, ते आधी विचारा.