हायस्कूलातील मुलांची वर्तणूक आणि आपण वडीलधारी मंडळी

(सिडनी येथे समाजबांधवांच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



हायस्कूलातील वर्तणुकीवर आम्ही बोलणार हे कळताच एका आजोबांनी विचारले, "शाळा सोडून आम्हांला साठ वर्षे झाली, आता आम्हांला कसली शिस्त लावता?" प्रश्न रास्त आहे. परंतु येथे बसलेल्यांपैकी पुष्कळांची नातवंडे आज येथल्या हायस्कुलांत जातात, आणि दुपारी ती घरी आली की दार उघडायला बहुधा आपणच असतो. मुलाचा चेहरा त्याच्या आईबापांच्या आधी आपण पाहतो. म्हणून हा विषय आपल्यापुढे.

प्रथम आमचीच चूक सांगतो. "गोऱ्यांचा ऑस्ट्रेलिया" हे धोरण १९७३ साली पूर्णपणे मोडीत निघाले. त्यानंतरच्या वर्षांत आमची मुले येथल्या शाळेत जाऊ लागली. डब्यातली चपाती-भाजी तशीच परत येई. अन्न टाकू नये म्हणून आम्ही रागावत असू. खरे कारण फार उशिरा कळले. डबा उघडला की बाजूची मुले नाक धरीत. भारतीय म्हणून टिंगल होईच, आणि ज्यू आहे असे सांगितले तर "तू ज्यूसारखा दिसत नाहीस" हे ऐकावे लागे. शेवटी एकदा मुलाने सांगितले, तेव्हा आम्ही म्हणालो, "दुर्लक्ष कर. अभ्यासात पुढे जा, मग सगळे आपोआप गप्प बसतील." शाळेत विचारायला गेलो नाही. परका देश, नवी नोकरी, इंग्रजी बोलताना चुकण्याची भीती. आज तो मुलगा पन्नाशी ओलांडून गेला आहे. परवा बोलता बोलता म्हणाला की टिंगल करणाऱ्यांची नावेही आता आठवत नाहीत, तुमचे "दुर्लक्ष कर" मात्र आठवते. त्यावर आम्हांला काही उत्तर देता आले नाही.

आपल्या पिढीला शिस्त म्हणजे छडी एवढेच ठाऊक होते. मास्तरांनी हातावर मारले तर घरी सांगायची सोय नव्हती, कारण घरी आणखी एक बसे. न्यू साउथ वेल्समध्ये १९९५ च्या कायद्याने शाळेतील छडी बंद झाली. भारतातही २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शारीरिक शिक्षेला मनाई केली. तेव्हा आपल्यापैकी काहीजण म्हणाले, आता मुले डोक्यावर बसणार. पण जरा आठवून पाहा. छडीला भिऊन वर्ग शांत बसे हे खरे, तरी मधल्या सुट्टीत जिन्याखाली दादागिरी चालेच, आणि तेथे मास्तर नसत.

येथल्या शाळांनी नेमके हेच ध्यानात घेतले. अमेरिकेतील ऑरेगॉन विद्यापीठात आकाराला आलेली एक पद्धत २००५ च्या सुमारास पश्चिम सिडनीतील सरकारी शाळांत सुरू झाली व पुढे पसरली. तिला येथे "पॉझिटिव्ह बिहेवियर फॉर लर्निंग" म्हणतात. नाव मोठे असले तरी काम साधे आहे. "हे करू नका, ते करू नका" अशी यादी लावायची नाही. कसे वागावे ते तीन-चार शब्दांत ठरवायचे, आणि गणित शिकवतात तसे तेही शिकवायचे. कँटीनपुढे रांगेत कसे उभे राहावे, गर्दीच्या व्हरांड्यातून कसे जावे, नव्या मुलाशी कसे बोलावे, हे प्रत्यक्ष करून दाखवायचे. नीट वागणाऱ्याला तेथल्या तेथे तसे सांगायचे. भांडणे कोठे, किती वाजता व कोणत्या वारी होतात याची नोंद ठेवायची. एका कोपऱ्यात मधल्या सुट्टीत सतत मारामारी होत असेल, तर मुलांना व्याख्यान देण्याआधी तेथे एक शिक्षक उभा करायचा. हा हिशेबीपणा आम्हांला फार आवडला. मोबाईलचेही असेच. न्यू साउथ वेल्सच्या सरकारी हायस्कुलांत ऑक्टोबर २०२३ पासून शाळेच्या वेळेत मोबाईल बंद झाले. घरी आल्यावर तो हातात येतोच, हे मात्र शाळेच्या हातचे नाही.

पद्धत कितीही चांगली असली तरी मोठ्यांनी डोळे मिटले तर काय होते, तेही या देशाने पाहिले. मेलबर्नच्या ब्रायटन सेकंडरी कॉलेज या सरकारी हायस्कूलातील पाच माजी ज्यू विद्यार्थ्यांनी फेडरल कोर्टात दावा लावला. शाळेत ज्यू म्हणून आपला छळ झाला आणि शाळेने आपले रक्षण केले नाही, हे त्यांचे म्हणणे. भिंतींवर, बाकांवर नाझींचे चिन्ह वारंवार काढलेले असे. (आपल्या शेजारच्या हिंदू घरांच्या उंबऱ्यावर जे स्वस्तिक आपण आदराने पाहत आलो, ते हे नव्हे. येथल्या मुलांना हा फरक आपणच समजावून सांगू शकतो.) १४ सप्टेंबर २०२३ रोजी सरन्यायाधीश डेब्रा मॉर्टिमर यांनी निकाल दिला. सर्वच तक्रारी मान्य झाल्या नाहीत, परंतु वंशभेदविरोधी कायद्याचा भंग आणि निष्काळजीपणा हे दोन्ही सिद्ध झाले. व्हिक्टोरिया सरकारला ४ लाख डॉलरहून अधिक भरपाई द्यावी लागली. त्रास देणारी मुले थोडी असतात, पुढे शाळा सोडून जातात. पाहून न पाहिल्यासारखे करणारे मोठे तेथेच राहतात, आणि कोर्टाने जाब विचारला तो मोठ्यांना.

यावर आपण नुसते "बिचारी मुले" म्हणून थांबावे काय? आमच्या मते नाही. आपल्या समाजात गोरा इस्राएल व काळा इस्राएल हा भेद होता, हे या सभागृहात सर्वांना ठाऊक आहे. सोयरिकीच्या वेळी तो निघे, आणि कोणाच्या ताटात कोणी जेवावे यातही निघे. मग १९६०च्या दशकात इस्राएलमध्ये आपल्याच विवाहांबद्दल शंका घेतली गेली, आपण खरे ज्यू की नाही अशी चौकशी झाली, आणि १९६४ पर्यंत आपल्या लोकांना त्याविरुद्ध झगडावे लागले. तेव्हा आपल्याला किती लागले! नातवाच्या देखत आपण कोणाच्या रंगाबद्दल, कोणाच्या धर्माबद्दल सहज एखादा शब्द टाकतो, तो दुसऱ्या दिवशी त्याच्याबरोबर शाळेत जातो.

चांगले उदाहरणही आपल्याच घरचे आहे. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी १८७५ साली मुंबईत काढलेली आपली इस्राएली शाळा, पुढे सर एली कदूरी हायस्कूल, आपल्यापैकी कित्येकांची शाळा. रिबेका रूबेनबाईंनी १९२२ ते १९५० अशी अठ्ठावीस वर्षे ती सांभाळली. आपली माणसे देश सोडून गेली तशी बाकांवर इतर धर्मांची मुले वाढली, आणि आज माझगावात तेथे बहुसंख्य विद्यार्थी मुस्लिम आहेत. ज्यूंनी काढलेल्या शाळेत मुसलमान मुले शिकतात, यात माझगावकरांना काही विशेष वाटत नाही. येथल्या शिक्षकांना आम्ही हे सांगतो तेव्हा ते दोनदा विचारून खात्री करून घेतात.

आता आपल्या हातात काय आहे ते सांगतो. मूल घरी आले की "मार्क किती" हे नंतर विचारा. "डबा कोणाबरोबर खाल्लास?" हे आधी विचारा. त्यावर मूल गप्प बसले तर त्याच दिवशी आईबापांच्या कानावर घाला. त्रास झाल्याचे कळले तर तारीख, जागा आणि काय बोलले गेले ते वहीत लिहून ठेवा. शाळा लेखी तक्रार बाजूला सारू शकत नाही. इंग्रजीची भीती वाटत असेल तर सरकारी शाळांत दुभाषा मागता येतो, त्याचे पैसे पडत नाहीत. पूर्वी आम्हांला हे ठाऊक नव्हते. आणि आपलाच नातू दुसऱ्याला त्रास देतो अशी चिठ्ठी आली, तर "आमचा तसा नाही" म्हणून शाळेशी भांडायला धावू नका. आधी त्याला शेजारी बसवा आणि त्याचे पूर्ण ऐका.

गेल्या वर्षी आमच्या ओळखीच्या एका आजी नातीच्या शाळेत गेल्या. नातीच्या डब्याची टिंगल होत होती. आजींनी भांडण केले नाही. शिक्षिकेला भेटून सर्व सांगितले, नंतर तिच्याच सूचनेवरून वर्गासाठी नारळाच्या दुधातला चण्याचा हलवा करून नेला. वड्या पुरल्या नाहीत. टिंगल करणाऱ्यांतल्या एका मुलाने आणखी मागितला, तेव्हा नातीने आपल्या वाट्यातली अर्धी वडी दिली, आणि मग आजीला घरी येऊन म्हणाली की पुढच्या वेळी दोन ताटे कर.

ज्यांना शाळेला पत्र लिहिण्यास मदत हवी असेल त्यांनी चहाच्या वेळी आम्हांला भेटावे.