बाबांचं इंजिन, एक जळालेला डीकोडर आणि चार ‘बीप’

आज कोडबद्दल बोलायचंय, पण हा कोड स्क्रीनवर नाही, रुळांवर धावतो.

आमच्या कपाटात एक खोकं होतं. माझ्या काकानं जर्मनीहून बाबांसाठी आणलेलं एचओ स्केलचं इंजिन. एचओ म्हणजे खऱ्याच्या ८७ पट लहान, दोन रुळांमध्ये १६.५ मिलिमीटर अंतर. बाबा वर्षातून एकदा, दिवाळीच्या साफसफाईत ते बाहेर काढायचे, पुसायचे, परत ठेवायचे. मी म्हटलं, “बाबा, यात डिजिटल डीकोडर बसवू या का?” बाबा म्हणाले, “उघडशील तर बंद करता आलं पाहिजे.” झालं! मी हो म्हणून बसले.

आधी डीकोडर म्हणजे काय ते सांगते. जुन्या पद्धतीत रुळांवरचं व्होल्टेज वाढवलं की इंजिन जोरात, प्लस-मायनस उलटं केलं की मागे. पण एकाच रुळांवर दोन इंजिनं ठेवली तर दोन्ही एकदम पळतात. डीसीसीमध्ये, म्हणजे डिजिटल कमांड कंट्रोलमध्ये, रुळांवर कायम पूर्ण व्होल्टेज असतं आणि त्याच विजेतून संदेश जातात. वीज सतत उलटसुलट होत राहते. अर्धी लहर साधारण ५८ मायक्रोसेकंदांची असेल तर तो १, आणि १०० किंवा जास्त असेल तर ०. संदेशात पत्ता, मग आज्ञा आणि शेवटी तपासणीसाठी एक्सॉर. हो, तोच कॉलेजमधला एक्सॉर!

सोसायटीचा वॉचमन खालून ओरडतो ना, “तीनशे चार, पार्सल!” ऐकतात सगळे, खाली येतो फक्त ३०४ वाला. डीकोडर म्हणजे तो ३०४ वाला. तो इंजिनाच्या पोटात बसतो, आपला पत्ता ऐकला की मोटर फिरवतो.

वायरिंग सोपं आहे, कारण रंग ठरलेले आहेत. लाल आणि काळी रुळांकडून, नारिंगी आणि करडी मोटरकडे, पांढरी पुढच्या दिव्याला, पिवळी मागच्या दिव्याला, निळी दिव्यांची सामाईक प्लस. नव्या इंजिनात सॉकेट असतं, प्लग लावला की काम संपलं. बाबांच्या इंजिनात सॉकेट नव्हतं. म्हणून सोल्डरिंग.

शनिवारी रात्री सगळ्या तारा लावल्या, इंजिन रुळांवर ठेवलं, वीज दिली. एक बारीकसा ‘टक्’ आणि जळका वास. डीकोडर गेला. काही हजार रुपये दोन सेकंदांत. पण खरं सांगू? पैशांचं काही वाटलं नाही. बाबांची मोटरही गेली असेल, या विचारानं रात्रभर झोप नाही.

सकाळी मल्टिमीटर घेतला आणि कारण सापडलं. जुन्या इंजिनांत मोटरचा एक ब्रश अनेकदा थेट धातूच्या सांगाड्याला टेकलेला असतो, आणि सांगाडा चाकांमार्फत रुळाला. म्हणजे रुळाची वीज मागच्या दारानं डीकोडरच्या मोटरवाल्या टोकावर आली. तो जळणारच. चूक डीकोडरची नाही, माझी. टेस्ट न करता थेट प्रॉडक्शनला टाकलं!

बाबांना सांगितलं. ते काही बोलले नाहीत, चष्मा लावला आणि समोर बसले. आम्ही दोघांनी ती सांगाड्याची पट्टी काढली, खाली कॅप्टॉन टेप लावली, करडी तार सरळ ब्रशला जोडली. मग मल्टिमीटर बीपवर ठेवून प्रत्येक ब्रश प्रत्येक बाजूच्या चाकाशी तपासला. दोन ब्रश, दोन बाजू, चार तपासण्या. चारही वेळा शांतता हवी. एकदा जरी बीप वाजला तर वीज द्यायची नाही. आजच्या भागातलं एवढं एकच लक्षात ठेवलंत तरी चालेल.

दुसरा डीकोडर आधी प्रोग्रामिंग ट्रॅकवर नेला. तिथे करंट मर्यादित असतो, त्यामुळे चूक असली तरी सहसा जळण्याआधी कळते. माझा कंट्रोलर म्हणजे आर्डुइनो मेगा, मोटर शील्ड आणि डीसीसी-ईएक्स हे ओपन सोर्स सॉफ्टवेअर. नव्या डीकोडरचा पत्ता ३ असतो. तो सीव्ही १ मध्ये बदलून मी ६२ केला. बाबांचा जन्म १९६२ चा. आदेश पोचला की डीकोडर मोटरला क्षणभर वीज देतो, कंट्रोलरला करंट वाढलेला दिसतो, तेच उत्तर. इंजिन किंचित हललं. बाबा म्हणाले, “अगं, मान डोलावली त्यानं!”

मग फोनवर थ्रॉटलचं अॅप उघडून बाबांच्या हातात दिलं. इंजिन निघालं... उलटं! बाबा म्हणाले, “तारा उलट्या लागल्यात, उघड परत.” मी म्हटलं, “उघडायचं नाही.” सीव्ही २९ मध्ये ६ होते, ७ केले. एक बिट बदलला, दिशा सरळ.

खोकं आता कपाटात नाही. इंजिन टीव्हीखाली आहे, अॅप बाबांच्या फोनमध्ये. जळालेला डीकोडर मी माझ्या मॉनिटरला चिकटवलाय, डिप्लॉय करण्याआधी दिसावा म्हणून.

तुमच्या घरी असं कपाटातलं काही असेल तर नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात. तोवर, वीज देण्याआधी मल्टिमीटर!