जुने झुंबर : निवड आणि टांगणी



आमची हयात कारखान्यांच्या फाटकांवर बोलण्यात गेली. तेथले श्रोते उभे असतात आणि पाळीचा भोंगा झाला की निघून जातात. इथे आपण खुर्च्यांवर बसला आहात, याचीच आम्हांला थोडी धास्ती वाटते. त्यातून विषय झुंबराचा! "अहो, आपल्या घरी झुंबर होतं कधी?" असा प्रश्न आमच्या मंडळींनीच केला. नव्हते. आजही नाही. आमची शाळा दहावीला सुटली, पुढची विद्या वाचनालयातली. आणि झुंबराची विद्या तर एका अपघाताने शिकविली. तो अपघात आधी सांगतो.

लोणावळ्या-खंडाळ्याचे जुने बंगले एकामागून एक पाडले जात आहेत, हे आपण पाहताच. बंगला पडला की त्यातले सागवान, फरशी, दारांच्या कड्या विकल्या जातात, तशी झुंबरेही विकली जातात. असेच एक झुंबर इथल्या एका नव्या घरात चढविताना आकड्यासकट खाली आले. खाली शिडीवर आमच्या संघटनेचा एक वायरमन होता. त्याच्या खांद्याचे हाड मोडले. आम्ही इस्पितळात गेलो तेव्हा तो एवढेच म्हणाला, "भाऊ, आकडा नुसत्या गिलाव्यात होता, तुळईत नव्हता." घरमालक हळहळत होते ते चाळीस लोलक फुटले म्हणून. आणि कंत्राटदार म्हणाला, "हा माझा माणूसच नव्हे, रोजावर आला होता." नुकसानभरपाईचा कायदा तेव्हा १९२३ सालचा होता, त्यात कंत्राटदाराला असे हात झटकता येत नव्हते. भरपाई मिळाली, परंतु अकरा महिन्यांनी. त्या अकरा महिन्यांत दाव्याचे कागद जमविता जमविता आम्ही झुंबरांविषयी मिळेल ते वाचले, दुकाने पालथी घातली आणि जुन्या कारागिरांना गाठून प्रश्न विचारले.

म्हणून आमचा पहिला सल्ला उलटा वाटेल. झुंबर निवडायला निघालात तर दुकानात जाण्यापूर्वी घराचे छत पाहा. ग्वाल्हेरच्या जयविलास राजवाड्यात दोन प्रचंड झुंबरे आहेत. एकेकाचे वजन साडेतीन टनांच्या घरात सांगतात. राजवाडा १८७४ साली झाला, जयाजीराव शिंद्यांच्या काळात. झुंबरे टांगण्यापूर्वी छतावर हत्ती चढवून त्याची ताकद अजमावली, अशी कथा तेथे सांगितली जाते. कथा अक्षरशः खरी असो वा नसो, तिच्यातला क्रम बरोबर आहे : आधी छत, मग झुंबर. ज्या महादजींनी १७७९ साली आपल्या याच मावळात, वडगावला, इंग्रजांना शरण आणले, त्यांच्या घराण्याला वजनाचा अंदाज असायचाच!

आपल्याकडे हत्ती नाहीत, परंतु वाळूची गोणी आहे. झुंबर वीस किलोचे असेल तर चाळीस किलोची गोणी त्याच आकड्याला एक रात्र टांगून ठेवा, आणि खाली कोणी झोपू नका. आकडा सिमेंटच्या स्लॅबमध्ये किंवा लाकडी तुळईत आरपार बोल्टाने बसविलेला हवा. शोभेच्या प्लास्टरच्या छताला झुंबर टांगणे म्हणजे कागदाला पाटा टांगणे होय. आणि आपल्या गावचा पाऊस विसरू नका. चार महिने भिंतींना ओल, लाकडाला कीड, लोखंडाला गंज. जुन्या बंगल्यातली तुळई असेल तर सुताराकडून टोचून पाहून घ्या.

आता मापाचे. खोलीची लांबी आणि रुंदी फुटांत मोजून बेरीज करावी. जो आकडा येईल तितके इंच झुंबराचा व्यास, असा एक सोपा हिशेब आहे. चौदा फूट बाय बारा फुटांच्या खोलीला सव्वीस इंच. खालून माणूस जायचा असेल तर जमिनीपासून सात फूट मोकळे हवेत. सदनिकेचे छत साडेनऊ फूट असते असे धरले तर साखळीसकट अडीच फूट उरतात. एवढ्यात राजवाड्याचे झुंबर मावत नाही, हे दुकानदार सांगणार नाही, म्हणून आम्ही सांगतो.

दुकानदार आणखी एक गोष्ट हमखास सांगतो : "बेल्जमचा माल आहे, साहेब." आपल्याकडे चांगल्या काचेला बेल्जमची म्हणण्याची रीतच पडली आहे. बेल्जममध्ये उत्तम काच होत असे, हे खरे. परंतु हिंदुस्थानात आलेली झुंबरे इंग्लंडची, बोहेमियाची, व्हेनिसजवळच्या मुरानोचीही होती. बर्मिंगहॅमच्या ऑस्लर कंपनीने तर कलकत्त्याला दुकानच थाटले होते. याच कंपनीने लंडनच्या १८५१च्या प्रदर्शनात सत्तावीस फूट उंचीचे काचेचे कारंजे उभे केले. तेव्हा गावाचे नाव ऐकून पैसे देऊ नयेत. हात लावून पाहावे.

हे तीन लोलक आम्ही बरोबर आणले आहेत. कृपा करून हातोहात फिरवा. पहिल्याच्या धारेवरून बोट फिरवा. धार लख्ख लागेल. तो चाकावर हाताने कापलेला आहे, आणि नीट पाहिले तर त्याचे पैलू किंचित लहानमोठे दिसतील. दुसऱ्याच्या कडा साबणाच्या वडीसारख्या गुळगुळीत आहेत आणि बाजूला बारीक शिवण दिसते. तो साच्यात दाबून काढला आहे. पहिला जडही लागेल, कारण त्याच्या काचेत शिसे आहे. सतराव्या शतकात इंग्लंडात रेव्हन्सक्रॉफ्ट नावाच्या माणसाने काचेत शिसे घालण्याची कृती बसविली. त्याने काच मऊ होऊन कापायला सोपी झाली, आणि प्रकाशाचे रंग फुटू लागले. दुसऱ्याला कमी लेखू नका. साच्याचा लोलकही जुना असू शकतो. मात्र त्याचे पैसे पहिल्याच्या भावाने देऊ नका. तिसऱ्याचे मागाहून सांगतो.

लोलक हरवले असतील तर घाबरण्याचे कारण नाही, ते जुळविता येतात. काचेचा हात तुटलेला असेल तर मात्र दोनदा विचार करावा. मेणबत्त्यांच्या झुंबराचे हात बहुधा भरीव असतात, विजेसाठी केलेल्याचे पोकळ. भरीव हातावर बाहेरून तार गुंडाळलेली दिसली तर ते मुळात मेणबत्त्यांचे आणि पुढे विजेवर आणलेले, असे समजावे. त्यात दोष काही नाही. दोष असतो तो तारेत. जुन्या तारेवरचे रबर आणि कापड हात लावताच भुकटी होते. तार सगळी नवी घाला, पितळी सांगाड्याला अर्थिंग द्या, आणि एलईडीचे दिवे लावा. ते फारसे तापत नाहीत. उतरविण्यापूर्वी छायाचित्र काढून प्रत्येक हाताला क्रमांकाची चिठ्ठी बांधा. तिच्यावाचून पुन्हा जुळणी करताना नवराबायकोत भांडणे झालेली आम्ही पाहिली आहेत. डोळा तयार करायचा असेल तर पुण्याला राजा केळकर संग्रहालयातले दिवे पाहून या. तेथे विकत घेण्याचा मोह नसतो.

आता आमच्या धंद्याचे दोन शब्द बोलू द्या, नाहीतर आम्ही आलोच कशाला?

काच हे मावळाला परके प्रकरण नाही. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा मागून फंड उभा केला. रुपयाचे तेव्हा चौसष्ट पैसे होत. त्या फंडातून १९०८ साली तळेगाव दाभाड्याला काचकारखाना निघाला. लोकमान्यांचा त्याला पाठिंबा होता. परदेशी काचविद्या शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय यांनी भट्टी लावली. तेथे शिकलेली मुले पुढे देशभरच्या काचकारखान्यांत पसरली. दिव्याची चिमणी विलायतेहून आणायची नाही, एवढ्या जिद्दीने माणसे भट्टीपुढे उभी राहिली. भट्टीपुढे उभे राहणे म्हणजे काय, हे ऐकून कळत नाही. वितळलेल्या काचेच्या झळीने वर्षानुवर्षांत डोळ्यांत मोतीबिंदू धरतो. १९४८च्या कारखाने कायद्यात तो धंद्यातला आजार म्हणून नोंदला होता. त्याच यादीत शिशाची विषबाधा होती आणि दगडाच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा रोगही होता. लोलकाला जी धार तुम्ही आत्ता बोटाने पाहिलीत, ती लावताना कोणाच्या तरी तोंडावर शिशाच्या काचेची धूळ उडत होती. दुकानदाराला सालाबरोबर हेही विचारावे, असे आम्ही म्हणत नाही; त्याला ते ठाऊक नसते.

आणि दिवा पेटतो कशाने? १९११ साली टाटांच्या जलविद्युत योजनेची कोनशिला याच लोणावळ्याला बसली. इथल्या पावसाचे पाणी तलावांत अडवून घाटाखाली खोपोलीला सोडले, आणि १९१५ पासून त्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालू लागल्या. कोणाकोणाची झुंबरेही त्यावर उजळली असतील. मावळातल्या कित्येक वाड्यांना मात्र पुढे बरीच वर्षे कंदिलाचीच सोबत होती.

तिसरा लोलक त्या पडलेल्या झुंबराचा आहे. फुटला नाही, एका कोपऱ्याचा टवका तेवढा उडाला. वायरमनच्या मुलाने तो उचलून ठेवला होता. ते झुंबर पुढे दुरुस्त झाले आणि टांगले गेले, आणि टांगले त्याच वायरमनने. हल्ली तो आधी तुळई ठोकून पाहतो, गोणी टांगतो, दुसऱ्या दिवशी येतो आणि जोडीला माणूस असल्याशिवाय शिडी लावीत नाही. त्यामुळे मजुरी दोन दिवसांची आणि दोघांची होते. लाखाचे झुंबर घेणारे लोक त्या मजुरीत घासाघीस करतात, अशी त्याची तक्रार आहे. आज तो शेवटच्या रांगेत बसला आहे. मंडळींनी लोलक त्याच्याकडे पोचते करावेत. तिसरा त्याचाच आहे.