केकवरचं अक्षर

(महिला मंडळाच्या कार्यक्रमात केलेलं भाषण)



बँकेतून निवृत्त झालेल्या माणसानं मुदत ठेवीवर बोलावं, केकवर नाही, हे मला मान्य आहे. शेजाऱ्यांनी विचारलंच, "काकाजी, हे काय करून राहिले तुम्ही?"

कारण सांगतो. आपल्याकडच्या बऱ्याच मुलांच्या वाढदिवसाचे केक आमच्या सौभाग्यवतींनी केले. नावही त्याच घालायच्या. चार वर्षांपूर्वी त्यांचा हात थरथरू लागला. केक जमायचा, नाव जमेना. म्हणून एकदा केक बाहेरून मागवला. नावातला एक काना राहिला होता, आणि मुलीच्या नावाचं मुलाचं नाव झालं होतं. पोरगी केक कापेचना. बँकेत नावातलं एक अक्षर चुकलं तर आम्ही चेक परत करायचो. मग त्या पोरीचं काय चुकलं? त्या रात्री मी कोन हातात घेतला. वय सत्तरीच्या पुढे, आणि पहिली ओळ गांडुळं सोडल्यासारखी!

गांधीजींनी आत्मकथेत आपल्या वाईट अक्षराची खंत मोकळेपणानं लिहिली आहे. दक्षिण आफ्रिकेत वकिलांची सुंदर अक्षरं पाहून त्यांना लाज वाटली. पुढे सुधारायचा प्रयत्न केला, पण उशीर झाला होता. तिथेच ते सांगतात की मुलांना लिहिण्याआधी चित्रकला शिकवावी. फूल, पक्षी पाहून ओळखतात तसं अक्षरही मुलांनी आधी पाहून ओळखावं. सेवाग्राम आपल्यापासून हाकेच्या अंतरावर, पण हे मला कळलं ते केकपाशी. केकवर अक्षर लिहायचं नसतं, त्याचं चित्र काढायचं असतं.

आता कामाचं सांगतो.

आयसिंग शुगर चाळूनच घ्या. एक गुठळी कोनाचं तोंड बंद करते. त्यात मऊ लोणी आणि थेंब थेंब दूध. धार तुटली तर मिश्रण घट्ट आहे, पसरली तर पातळ. बटर पेपरचा कोन मेंदीच्या कोनासारखाच वळायचा, म्हणजे तुम्हा भगिनींचं अर्धं शिक्षण झालेलंच आहे. टोक बारीक कापा. जाड धारेनं 'ठ' आणि 'क' यांची पोटं बुजतात.

पहिला सराव स्टीलच्या उपड्या ताटावर. लिहा, खरवडा, पुन्हा कोनात भरा. बोटांनी नाही, कोपरापासून हात हलवा. टोक केकला घासू नका. किंचित वर धरून धार खाली पडू द्या. अक्षर संपायच्या आधी दाबणं थांबवा, मगच कोन उचला, नाहीतर शेपूट राहतं. हात थरथरत असेल तर दुसऱ्या हातानं मनगटाला आधार द्या.

इंग्रजी अक्षरं रेघेवर बसतात, आपली रेघेला लटकतात. म्हणून ताणलेला दोरा केकवर हलकाच टेकवून शिरोरेघेची खूण करा. वर मात्रा, वेलांटी, रफार आणि खाली उकार यांच्यासाठी बोटभर जागा सोडा. अक्षरं आधी, शिरोरेघ शेवटी. ती डोक्यांचा उंचसखलपणा झाकते.

जागा आधी मोजा. 'रौप्यमहोत्सव' घ्या: रौ, प्य, म, हो, त्स, व. सहा अक्षरं. 'म' आणि 'हो' यांच्यामध्ये केकचा मध्य आला पाहिजे. टूथपिकनं सहा खुणा करून मगच कोन धरा. नाव कागदावर लिहून मुलाच्या आईला दाखवा. ऱ्हस्व-दीर्घ तिलाच विचारा.

आपल्या वर्ध्याच्या मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला जातो. केक थंडगार करूनच लिहा. कोन मुठीत धरू नका, तळहाताच्या उबेनं आतलं लोणी वितळतं. चूक झाली तर बोट लावू नका. केक पुन्हा थंड करा आणि घट्ट झालेलं अक्षर टूथपिकनं उचला. बँकेत खाडाखोड केली की शेजारी सही करायची सोय होती. केकवर ती नाही!

आणि नावं आपल्या लिपीत घाला. नागरी लिपीचा आग्रह धरणारे विनोबा पवनारला राहिले, राष्ट्रभाषा प्रचार समिती 1936 पासून इथे आहे. त्या गावातल्या पोरांची नावं निदान केकवर तरी नागरीत असावीत.

मला तीन महिने लागले. त्यानंतरच्या वाढदिवसाला त्याच मुलीचं नाव मी घातलं. तिनं आधी काना मोजला, मग सुरी घेतली. सौभाग्यवती म्हणाल्या, "शिरोरेघ अजून वाकडीच आहे." खरं होतं ते.

रौप्यमहोत्सवाचा केक त्या करताहेत, अक्षर माझ्याकडे आहे. पण पुढच्या वर्षी माझाही हात थरथरेल, म्हणून आज सहा कोन भरून आणले आहेत. ताटंही आहेत. बालगोपाळांनो, या. आधी हात धुऊन या.