थंडीतल्या मैफली आणि रात्रीचे दहा



डिसेंबर लागला की पुण्यात कपाटाच्या वरच्या कप्प्यातून शाली आणि कानटोप्या खाली उतरतात. त्याच सुमारास गाण्याच्या, नाटकांच्या आणि चित्रपट महोत्सवांच्या जाहिरातींनी वर्तमानपत्राची पानं भरू लागतात. या दिवसांत पुण्यात आणि आसपास काय पाहावं, काय ऐकावं याविषयी आज बोलणार आहे. पण त्याहून जास्त बोलणार आहे ते किती वाजता ऐकावं याविषयी. आपल्याकडच्या कलांचं वेळेशी फार जुनं नातं आहे, आणि गेल्या पंचवीसएक वर्षांत ती वेळच बदलून गेली आहे.

पुण्याच्या थंडीची गोष्ट सवाई गंधर्व महोत्सवापासूनच सुरू करायला हवी. सप्टेंबर १९५२मध्ये रामभाऊ कुंदगोळकर, म्हणजेच सवाई गंधर्व, निवर्तले. अब्दुल करीम खाँसाहेबांचे ते शिष्य. संगीत नाटकांतल्या स्त्रीभूमिका त्यांनी गाजवल्या आणि गंगूबाई हनगल, फिरोज दस्तूर, बसवराज राजगुरू, भीमसेन जोशी असे एकाहून एक शिष्य घडवले. या गुरूच्या स्मरणार्थ भीमसेनजींनी पुढाकार घेतला आणि १९५३ साली आर्य संगीत प्रसारक मंडळाच्या वतीने हा उत्सव सुरू झाला. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला आकाशवाणीचं पुणे केंद्रही सुरू झालं. म्हणजे हा उत्सव आणि आपलं हे केंद्र अगदी बरोबरीचे.

भीमसेनजी या उत्सवाचे यजमानही होते आणि गायकही. वर्षानुवर्षं शेवटची बैठक त्यांची असे. फिरोज दस्तूर मंचावर आले की श्रोते त्यांच्याकडे 'गोपाला मेरी करुणा'ची फर्माईश करत आणि वय झालं तरी दस्तूरजी ती पुरी करत. २४ जानेवारी २०११ रोजी भीमसेनजी गेले. तेव्हापासून उत्सवाच्या नावात गुरूच्या शेजारी शिष्याचंही नाव आहे. माझ्या मते महाराष्ट्रात एका शिष्याने गुरूचं ऋण फेडल्याचं याहून मोठं उदाहरण नाही.

आता वेळेकडे येतो. पूर्वी हा उत्सव रात्रीचा असे. जुन्या पुण्यातल्या शाळांच्या पटांगणांवर मांडव पडायचा आणि लोक घोंगड्या, थर्मास, डबे घेऊन यायचे. रात्र चढेल तसे राग पुढे सरकायचे. आधी यमन किंवा पूरिया कल्याण, मग बागेश्री, मध्यरात्री दरबारी, मालकंस आणि पहाटे ललित. उजाडता उजाडता भैरव किंवा तोडी ऐकून माणसं तशीच कामावर जायची. डिसेंबरची रात्र मोठी, त्यामुळे एकेका रागाला पसरायला अवकाश मिळे. गाणं घाईत नसे आणि ऐकणाराही घाईत नसे.

मग २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. राज्य सरकारला वर्षातले मोजके, जास्तीत जास्त पंधरा दिवस, बारापर्यंत सवलत देता येते. या नियमावर चिडणारे पुष्कळ रसिक मला माहीत आहेत. मी चिडत नाही. मैदानाच्या चारही बाजूंना घरं आहेत, त्यांत आजारी माणसं आहेत, तान्ही मुलं आहेत, परीक्षेचा अभ्यास करणारी पोरं आहेत. त्यांच्या झोपेवर आपलं गाणं उभं राहू नये. परंतु नियम पाळताना आपण काय गमावलं आणि काय मिळवलं, याचा हिशेब श्रोत्यांनी नीट मांडलेला नाही.

गमावलं ते उघड आहे. मध्यरात्रीनंतरचे आणि पहाटेचे राग मोठ्या मंचावरून जवळजवळ गेले. मात्र जे मिळालं त्याकडे लक्ष जात नाही. महोत्सव आता मुकुंदनगरला महाराष्ट्रीय मंडळाच्या क्रीडासंकुलात भरतो आणि दुपारीच सुरू होतो. म्हणजे भीमपलासी, पटदीप, मुलतानी यांना त्यांची खरी वेळ मिळाली. रात्री नऊला सुरू होणाऱ्या मैफलीत या रागांना जागाच नव्हती. आणि याहून मोठी मिळकत म्हणजे संधिप्रकाश. डिसेंबरात पुण्यात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. त्या वेळी मंचावर मारवा, पूर्वी किंवा श्री लागला, तर बाहेरचा उजेड आणि आतला सूर एकाच वेळी उतरतात. मारव्यात पंचम नाही. कोमल रिषभ आणि तीव्र मध्यम आहेत, आणि गायक षड्जावर यायचं सारखं लांबवत राहतो. कानाला घर दिसत असतं, पण तिथे पोचता येत नाही. खोलीतल्या दिव्याखाली ऐकलेला मारवा आणि सूर्य बुडताना ऐकलेला मारवा यांत किती फरक आहे, हे तिथे बसल्याशिवाय कळत नाही.

आणि नेमक्या याच वेळी मांडवात जागा रिकाम्या असतात. नामवंत कलाकार शेवटी, म्हणून बरेच जण सातनंतर येतात. दुपारी तीनला जो तरुण गायक किंवा वादक बसतो, त्याने या बैठकीसाठी वर्षभर रियाझ केलेला असतो. सवाईच्या मंचावर बसायला मिळणं ही त्याच्या आयुष्यातली फार मोठी गोष्ट असते. तो समोर बघतो तर अर्ध्या सतरंज्या मोकळ्या. हे मला मनापासून खटकतं. आज जी नावं ऐकायला आपण रांगा लावतो, त्यांच्यापैकी कितीतरी जण कधीकाळी असेच सुरुवातीला बसले होते.

ऐकायला जाल तेव्हा आणखी एका गोष्टीकडे लक्ष असू द्या. कलाकार वाद्यं जुळवायला वेळ घेतात तेव्हा लोक चुळबुळ करतात. थंडीत धातूच्या तारा आखडतात आणि सूर चढतो. हवेत दमटपणा असेल तर तबल्याच्या पुडीचं चामडं सैल पडून सूर उतरतो. दिवे लागले की मंचावर ऊब येते आणि सगळं पुन्हा हलतं. उघड्या मैदानावर हिवाळ्यात तंबोरा जुळवणं हे कौशल्याचं काम आहे. ती पाच मिनिटं शांत बसून ऐका. मुख्य कलाकाराच्या कानाची पारख तिथेच होते.

ज्यांना तिकीट परवडत नाही किंवा गर्दी सोसत नाही, त्यांच्यासाठीही वाट आहे. महोत्सवाच्या दिवसांत सकाळी शिवाजीनगरच्या सवाई गंधर्व स्मारकात 'षड्ज' या उपक्रमात कलाकारांवरचे माहितीपट दाखवतात आणि 'अंतरंग'मध्ये कलाकारांशी गप्पा होतात. शाळा-कॉलेजातल्या मुलांना घेऊन जायला ही जागा उत्तम. जानेवारीत वसंतराव देशपांड्यांच्या स्मरणार्थ वसंतोत्सव होतो, तोही चुकवू नये.

आता शहराबाहेर जाऊ. नाशिक रस्त्याने पाऊणशे किलोमीटरवर नारायणगाव आहे, तमाशा कलावंत विठाबाई भाऊ मांग यांचं गाव. दसऱ्याला तमाशाचे फड बाहेर पडतात आणि हिवाळाभर गावोगावच्या यात्रा-जत्रांत कनाती लावत फिरतात. गुढीपाडव्याच्या सुमारास तर नारायणगावात फडांच्या राहुट्या लागतात आणि गावकरी येऊन आपल्या जत्रेची सुपारी ठरवतात. शहरातल्या बहुतेकांनी तमाशा पडद्यावरच पाहिलेला असतो. खऱ्या फडाची मांडणी वेगळी. आधी गण, मग गौळण, त्यात मावशीची थट्टा, मग बतावणी, रंगबाजी आणि शेवटी वग. ढोलकी, हलगी, तुणतुणं आणि मागे झीलकऱ्यांचा चढा सूर. सोंगाड्या जागच्या जागी गावातल्या घडामोडींवर बोलतो आणि कनात हसून कोसळते. ही हजरजबाबी कला आहे, ती लिहून ठेवता येत नाही, त्या रात्री तिथे असावंच लागतं.

दहाच्या नियमाचा सगळ्यात मोठा घाव बसला तो इथे. शास्त्रीय संगीताच्या महोत्सवाला दुपारी सुरू करता येतं, पण तमाशाचा प्रेक्षक दिवसभर शेतात असतो. तो जेवूनच येणार, म्हणजे आठ-नऊला. मग वगाला वेळ उरतोच किती? पहाटेपर्यंत रंगणारे वग आखडत गेले, काही ठिकाणी गण-गौळण झाली की चार सिनेमाची गाणी आणि खेळ संपला. यात फडाचं नाव जातं आणि पोटही जातं. विठाबाईंना दोनदा राष्ट्रपती पुरस्कार मिळाला, राज्य सरकार त्यांच्या नावाने तमाशातला जीवनगौरव पुरस्कार देतं. त्यांच्या कलेला रात्र मात्र उरलेली नाही. सवाईसाठी आपण शनिवारी बाराची सवलत मागतो. तीच सवलत जत्रेतल्या फडाला मिळावी म्हणून शहरातल्या रसिकांनी कधी आवाज उठवल्याचं मी ऐकलेलं नाही.

सोलापूर रस्त्यावर चौफुल्याला संगीत बारीची थिएटरं आहेत. तिथे बैठकीची लावणी पाहायला मिळते. बसून, नजरेने आणि हाताच्या बोटांनी अर्थ सांगणारी ही लावणी उभ्या नाचाहून अवघड असते. कुटुंबासह जावं का, असं लोक मला विचारतात. जाणकार माणसाबरोबर जा, कलाकाराला मान द्या आणि लक्ष देऊन ऐका, एवढंच मी सांगतो.

ज्यांना सिनेमा प्रिय त्यांच्यासाठी बहुतेक वर्षी जानेवारीत पुणे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव असतो. २००२ साली तो सुरू झाला. तो पुण्यात शोभतो याला कारण आहे. १९३३ साली प्रभात फिल्म कंपनी कोल्हापूरहून इथे आली. १९३६ चा 'संत तुकाराम' प्रभातच्या पुण्यातल्या स्टुडिओत घडला आणि पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याची वाखाणणी झाली. त्याच जागेत १९६०मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट उभी राहिली आणि १९६४मध्ये शेजारीच राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आलं. महोत्सवात परदेशी चित्रपट पाहाच, पण नवे मराठी चित्रपट तिथे सगळ्यात आधी दिसतात, ते सोडू नका.

नाटकांविषयी एकच सांगतो. हिवाळ्यात राज्य नाट्य स्पर्धेच्या हौशी नाटकांची प्राथमिक फेरी होते. बँकेतला कारकून, शाळेतल्या बाई, रिक्षा चालवणारा नट अशी माणसं कामावरून सुटून तालमी करतात आणि एका प्रयोगासाठी नेपथ्य उभं करतात. तिकीट अगदी स्वस्त असतं. काही नाटकं फसतात, पण एखादं असं निघतं की व्यावसायिक रंगभूमीने त्याच्याकडून शिकावं.

शेवटी आयोजकांना एक विनंती आहे. बंद सभागृहाला दहाचा नियम उघड्या मैदानासारखा लागू होत नाही, आणि सकाळी सहानंतर ध्वनिक्षेपकाला आडकाठी नाही. मग थंडीतल्या एखाद्या रविवारी सहाला तोडी आणि भैरव का ऐकवू नयेत? एखाद्या छोट्या सभागृहात शनिवारची रात्रभराची बैठक का होऊ नये? दरबारी आणि मालकंस त्यांच्या वेळेला कसे लागतात, हे आजच्या विशीतल्या मुलांनी ऐकलेलंच नाही. तीनशे श्रोते मिळाले तरी पुरे.

आणि तुम्हाला विनंती अशी, की यंदा महोत्सवाची पत्रिका हाती आली की शेवटच्या नावाआधी पहिलं नाव वाचा. एक दिवस अर्धी रजा टाका, सोबत घरातल्या एखाद्या तरुण मुलाला घ्या, आणि तीन वाजता जागेवर बसा.