कार्यकर्त्याची पहिली विद्या
(तरुण कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेले भाषण)



तंटा कसा हाताळावा आणि विरुद्ध पक्षाशी शांतपणे कसे बोलावे, हे कार्यकर्त्यांस सांगण्याची कामगिरी मंडळाने मजवर सोपविली आहे. महाड-पोलादपूरकरांस यासाठी दूरचे ग्रंथ धुंडाळावयास नकोत. चवदार तळ्याच्या काठी उभे राहिले तरी पुरे.

महाड नगरपालिकेने १९२४ साली ठराव करून हे तळे सर्वांस खुले केले. परंतु ठराव दप्तरातच राहिला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर परिषदेच्या प्रतिनिधींसह तळ्यावर गेले व पाणी प्याले. मागाहून गावात आवई उठली की, ही मंडळी आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार! तसा बेत मुळीच नव्हता. अधिकारी बंगल्यावर चौकशीस गेले, तेव्हा बाबासाहेबांनी ते स्पष्ट सांगितलेही. म्हणजे विचारणाऱ्यास खरे कळत होते. जमाव मात्र विचारावयास थांबला नाही. परतणाऱ्या, जेवावयास बसलेल्या माणसांवर लाठ्या चालल्या. काहींना मुसलमान कुटुंबांनी आसरा दिला. प्रतिनिधींत पलटणीत राहिलेले गडी होते, अंगात बळ होते. परंतु बाबासाहेबांनी त्यांना आवरले व दाद कायद्याकडे मागितली. डिसेंबरात कोर्टाचा मनाई हुकूम आला, तेव्हा सत्याग्रह तहकूब करून हजारो लोक शहरातून शांतपणे मिरवत गेले. हायकोर्टाचा निकाल १७ मार्च १९३७ रोजी त्यांच्या बाजूने लागला.

पुष्कळ वक्ते येथे संयमाची स्तुती करून खाली बसतात. मला ते अपुरे वाटते. संयम मार खाणाऱ्यांनी दाखविला. तो शिकण्याची गरज होती ती आमच्यासारख्यांच्या आळीत. सुरबा टिपणीस, अनंतराव चित्रे यांसारखे स्पृश्य समाजातील पुरुष परिषदेच्या बाजूने उभे राहिले, पण असे थोडेच. त्या दुपारी आपल्या घरातील एखादा तरुण बंगल्यापर्यंत जाऊन, खरी हकीकत घेऊन बाजारात परत आला असता तर? त्या एका हेलपाट्याची तयारी करून घेणे, हेच मी प्रशिक्षण समजतो.

हे जुने झाले असे कोणी म्हणू नये. जुलै २०२१ मध्ये महाड पुराने वेढले गेले; तळिये, केवनाळे, साखर सुतारवाडी येथे दरडी कोसळल्या. अशा वेळी धान्याच्या पोत्यावरून कुरबूर व्हावयास कितीसा वेळ लागतो? यादी सर्वांसमक्ष मोठ्याने वाचावी, आणि वाचणारा शक्यतो दुसऱ्या वाडीचा असावा.

एक मर्यादा मात्र सांगून ठेवतो. २००७ पासूनच्या तंटामुक्त गाव मोहिमेने बांधाचे, वाटेचे तंटे गावातच मिटविण्याची रीत पाडली, ती चांगलीच. परंतु जातीवरून कोणास मारहाण वा अवमान झाला, तर तेथे तडजोडीचा पाट मांडू नये. फिर्याद देणाऱ्यासोबत पोलीस ठाण्यात जावे. मग तो फिर्यादी आपल्याच आप्ताविरुद्ध का असेना!

असो. आता दोघादोघांनी समोरासमोर बसावे. विहिरीच्या वादात एकाने आपली तक्रार सांगावी. दुसऱ्याने ती स्वतःच्या शब्दांत परत सांगावी. पहिला ‘होय, हेच माझे म्हणणे’ असे म्हणेपर्यंत उत्तर देऊ नये. घड्याळ माझ्याकडे आहे.