फिरते घर आणि मुके सोबती : वाहनाची निवड

उज्जैनच्या नानाखेड्याहून फिरते घर ओढत ओंकारेश्वरकडे निघालेल्या कुटुंबाची खरी कसोटी इंदूरपुढील भेरूघाटात लागते. चढापेक्षा उतार अवघड. मागील भार वाहनास पुढे रेटतो. म्हणून वाहन घेताना अश्वशक्तीच्या जाहिरातीवर न भुलता निर्मात्याने ठरविलेली ओढण्याची मर्यादा पाहावी. पाणी, गॅस, भांडीकुंडी धरून घराचे वजन तीत बसले पाहिजे. जोडावरील भार त्या वजनाच्या 5 ते 10 टक्के असावा. कमी पडल्यास घर झोले खाते.

कुत्र्यांची जागा मात्र ओढणाऱ्या वाहनातच, हवेशीर आणि जाळीआड असावी. कुत्रा मुख्यतः धापा टाकूनच अंग निववितो. वैशाखात 40 अंशांच्या उन्हात बंद वाहन अर्ध्या तासात 50 अंशांपलीकडे तापते. चहासाठी उतरतानाही कोणी एकाने त्यांच्यापाशी थांबावे.